जुन्या फोक्सवॅगन कॅम्परला कोणते टायर? आधी वजन, मग माप

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुम्ही लीड्सला राहता. १९७६ची फोक्सवॅगन टी-२, म्हणजे बे विंडो, घेतली आहे. आत डेव्हन या कंपनीचं कॅम्परचं, म्हणजे प्रवासात राहण्याच्या सोयीचं फर्निचर, वर उघडणारं छप्पर. गाडीवरचे टायर बारा वर्षांचे आहेत, पण नक्षी सहा मिलिमीटर शिल्लक आहे आणि दिसायला ते ठणठणीत आहेत. जवळचा टायरवाला म्हणतो, बदलायचेच असतील तर १९५/७० आर १४, ९१ टी हे कारचे टायर घाला. स्वस्त पडतील, गाडी मऊ चालेल आणि १८५ आर १४ सी हे व्हॅनचे टायर उगाच कडक असतात. उन्हाळ्यात स्कॉटलंड आणि पुढच्या ईस्टरला जर्मनीतून ऑस्ट्रिया असा बेत आहे. ऐकायचं कुणाचं?

उत्तर आधी देऊन टाकतो: १८५ आर १४ सी, भारांक (टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक आकडा) १०२/१००, आठ प्लाय रेटिंग (टायरच्या मजबुतीचा दर्जा). स्टेपनी धरून पाचही नवे. टायरवाल्याचं एक म्हणणं खरं आहे, कारचा टायर मऊ चालतो. पण ज्या कारणाने तो मऊ चालतो, त्याच कारणाने तो या गाडीला चालत नाही.

तुम्ही विचारलंय मापाबद्दल, पण खरा प्रश्न वजनाचा आहे. टी-२ लहान दिसते म्हणून आपण तिला कारच्या हिशेबात धरतो. प्रत्यक्षात ती मालवाहू गाडीच्या सांगाड्यावर उभी आहे. इंजिन मागच्या एक्सलच्याही मागे, गिअरबॉक्स मागे, आणि कॅम्परमध्ये पलंग, कपाटं, बिछाने यांचाही बराचसा भार मागेच. पूर्ण भरलेल्या गाडीचं मान्य वजन साधारण २२५० ते २३०० किलोच्या घरात जातं आणि मागच्या एक्सलची मर्यादा १३०० किलोच्या आतबाहेर असते. नेमका आकडा वर्षाप्रमाणे आणि प्रकाराप्रमाणे बदलतो, म्हणून तुमच्या गाडीच्या पाटीवर किंवा हँडबुकात काय दिलंय ते बघा. आणि गाडी खरोखर किती भरते, ते काट्यावर घालूनच कळेल.

काट्याचं काम टाळू नका. प्रवासाला निघताना गाडी जशी असेल तशी भरा: पाण्याची टाकी, गॅसची बाटली, तंबू, सायकली, पेट्रोल, सगळी माणसं. मग सार्वजनिक वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाकं चढवून वजन घ्या, मग पूर्ण गाडीचं, मग फक्त मागच्या चाकांचं. पुढचं आणि मागचं मिळून बेरीज पूर्ण वजनाच्या जवळपास आली नाही, तर गाडी काट्यावर नीट उभी नव्हती, पुन्हा घ्या. काट्यावर एका बाजूची चाकं वेगळी मोजायची सोय असेल तर तेही करून घ्या. डेव्हन, डॉर्मोबिल, वेस्टफालिया, प्रत्येकाची आतली मांडणी वेगळी. शेगडी, फ्रिज, गॅस आणि पाणी एकाच बाजूला असेल तर डाव्या-उजव्या चाकात ४०-५० किलोंचा फरक सहज पडतो.

आता टायरच्या बगलेवरचे, म्हणजे बाजूच्या भिंतीवरचे आकडे. ९१ भारांक म्हणजे एका टायरला ६१५ किलो. १०२ म्हणजे ८५० किलो. १०२/१०० मधला दुसरा आकडा जोडचाकांसाठी असतो, आपल्या गाडीशी त्याचा संबंध नाही. समजा तुमच्या मागच्या एक्सलवर १२४० किलो भरले. समान वाटणी धरली तरी एका चाकावर ६२०, आणि शेगडीच्या बाजूचं चाक ६४०-६४५वर. म्हणजे ९१चा टायर गाडी अंगणात उभी असतानाच मर्यादेबाहेर गेला. अजून वळण आलं नाही, खड्डा आला नाही, मोटरवेवर बाजूने ट्रक गेला नाही. १०२च्या टायरला तेच वजन क्षमतेच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास पडतं.

इथे हमखास एक तोडगा सुचवला जातो: कारच्या टायरमध्ये हवा जास्त भरा, ३६ऐवजी ४५ पीएसआय (पीएसआय आणि बार ही हवेचा दाब मोजायची एककं). असं होत नाही. साध्या कारच्या टायरचा भारांक ज्या दाबाला धरून ठरवलेला असतो, तो २.५ बार, म्हणजे ३६ पीएसआयच्या आसपास. त्यापुढे हवा भरली की टायर कडक होतो. त्याची मान्य भारक्षमता वाढत नाही. मऊपणासाठी घेतलेला टायर तुम्ही कडक करून वापरता, आणि क्षमता तिथल्या तिथेच राहते.

१९५/७० मापाला आणखी एक अडचण आहे. १८५ आर १४च्या नावात उंचीचं प्रमाण लिहिलेलं नसतं. तो जुन्या पद्धतीचा पूर्ण उंचीचा टायर आहे, व्यास साधारण ६५० मिलिमीटर. १९५/७० आर १४चा व्यास ६२९ भरतो. सव्वातीन टक्के लहान चाक. स्पीडोमीटर तेवढा पुढे पळेल, त्याचं फारसं काही नाही. पण त्याच वेगाला इंजिनाचे फेरे तेवढे वाढतील. हवेने थंड होणारं हे इंजिन मोटरवेवर आधीच घसा ताणून ओरडत असतं, त्याला आणखी पळवण्यात काही मतलब नाही. वरच्या गिअरला जरा दम मिळावा म्हणून मूळ व्यास टिकवलेला बरा.

आता 'मऊ' या शब्दाकडे येतो. सी टायरची बगल जाड आणि ताठ असते. उंच, सपाट अंगाच्या, मागे जड असलेल्या गाडीत हीच ताठ बगल गाडीला सरळ ठेवते. कारच्या टायरवर टी-२ चालवली की आडवा वारा आला, किंवा लॉरीने ओलांडलं, की गाडी आधी बगलेवर झुकते, मग तुम्ही स्टिअरिंग फिरवता, मग ती उशिरा परत येते. चालवणाऱ्याला वाटतं स्टिअरिंग बॉक्स सैल झाला. बॉक्सचा स्क्रू आवळला जातो, टाय रॉडचे सांधे बदलले जातात, शॉक ॲब्सॉर्बर नवे येतात, आणि डुलणं आहे तिथेच राहतं. गाडी डुलते अशी तक्रार असेल तर मी पहिल्यांदा टायरवरचा भारांक वाचतो, मग हवा मोजतो आणि नंतरच जॅक लावतो. जे कडक वाटतं ते बहुतेक वेळा टायरमुळे नसून चुकीच्या दाबामुळे असतं. ते आता सविस्तर बघू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

सी टायरच्या बगलेवर कमाल दाब लिहिलेला असतो, या मापाला ६५ पीएसआय, म्हणजे ४.५ बार. ८५० किलो पेलायला हा दाब लागतो. तुम्ही ८५० किलो घालणार नाही, म्हणून ६५ भरायचंही नाही. टायरच्या दुकानात घाईत असलेला पोरगा बगलेवरचा आकडा वाचून ६० भरून देतो. टायर मधोमध झिजतो, ओल्या रस्त्यावर ब्रेक लावला की घसरतो, आणि मालक घरी येऊन सी टायरला शिव्या देतो. दुसऱ्या टोकाला, तो चारही चाकांत कारसारखे ३२ भरून देतो. ते जास्त वाईट.

टायर कंपन्यांच्या तक्त्यांमागे एक सूत्र असतं. चाकावरचा भार भागिले टायरची क्षमता, याचा १.२५ घात, गुणिले कमाल दाब. मागच्या चाकावर ६२० किलो असतील तर ६२० भागिले ८५० म्हणजे ०.७३, त्याचा घात ०.६७, गुणिले ६५, म्हणजे ४४ पीएसआय. पुढच्या एक्सलवर ९८० किलो, म्हणजे चाकावर ४९० असतील तर उत्तर येतं ३३. घातांकाची कटकट नको असेल तर सरळ त्रैराशिक मांडा: मागे ४७, पुढे ३७ येतील, म्हणजे थोडे जास्त आणि सुरक्षित बाजूचे. त्या काळच्या हँडबुकात रेडियलसाठी पुढे ३० आणि मागे ४० ते ४३च्या आसपास आकडे दिलेले सापडतात. म्हणजे गणित आणि हँडबुक एकमेकांना धरूनच आहेत. तुमच्या गाडीला मी पुढे ३२ आणि मागे ४३ इथून सुरुवात करेन. काट्यावर वजन जास्त निघालं तर मागे ४५.

पुढे आणि मागे यांतला हा दहा-बारा पीएसआयचा फरक मोडू नका. मागचा टायर दबला की वळणावर तो रस्त्यावर जास्त तिरपा सरकतो, मागची बाजू बाहेर जायला बघते आणि मागे इंजिनाचा भार असल्यामुळे ती एकदा निघाली की आवरत नाही. पुढचा टायर तुलनेने नरम ठेवला की गाडी वळणात थोडी पुढून रुंद जाते, वेग कमी केला की परत येते. सामान्य चालवणाऱ्यासाठी हेच हवं. चारही चाकांत सारखी हवा म्हणजे हा तोल आपणच बिघडवणं.

हवा मोजायची ती थंड टायरची, सकाळी, दोन-तीन किलोमीटरच्या आत. धावून गरम झालेल्या टायरमध्ये चार-सहा पीएसआय जास्त दिसतात. ते वाढतात हे गृहीत धरूनच आकडा दिलेला असतो, म्हणून गरम टायरची हवा सोडू नका. बाहेरचं तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होतो. ऑगस्टमध्ये भरलेली हवा नोव्हेंबरात पुरत नाही ती यामुळेही. पंपावरच्या गेजवर विसंबू नका, स्वतःचं एक चांगलं गेज गाडीत ठेवा.

दाब बरोबर आहे की नाही हे टायरच सांगतो. टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्यावर आडवी खडूची जाड रेघ ओढा आणि कोरड्या सपाट रस्त्यावर सरळ शंभर-दोनशे मीटर जा. रेघ मधूनच पुसली गेली तर हवा जास्त, दोन्ही कडांना पुसली गेली तर कमी. एका वेळी दोन पीएसआयने बदला आणि पुन्हा बघा. मात्र हँडबुकाच्या किंवा वजनावरून काढलेल्या आकड्याच्या खाली खडूच्या भरवशावर जाऊ नका. पुढच्या टायरची एकच कड झिजत असेल, किंवा हात फिरवल्यावर एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला खरखरीत लागत असेल, तर तो हवेचा दोष नाही, अलाइनमेंट बिघडलंय. नवे टायर चढवायच्या आधी किंगपिन, बॉल जॉइंट (पुढची चाकं वळतात ते सांधे) आणि व्हील बेअरिंगचा खेळ तपासून घ्या, नाहीतर नवे टायर वर्षभरात तसेच होतील. (बे विंडोला बॉल जॉइंट असतात, किंगपिन तिच्या आधीच्या स्प्लिट स्क्रीनला. हे उत्तर दोघांचे मालक वाचतील म्हणून दोन्ही लिहिलं.)

आता वय. सहा मिलिमीटर नक्षी पाहून टायर चांगले वाटतात, आणि कॅम्परच्या बाबतीत फसगत इथेच होते. ही गाडी वर्षात फार धावत नाही. टायर झिजून गोटा होण्याआधी वाळून मरतो. बगलेवर डॉट या अक्षरांपाशी शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१४ म्हणजे २०१४चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाआधीचा आहे, त्यावर चर्चाच नको. बऱ्याच टायरवर पूर्ण आकडा एकाच बगलेला असतो आणि ती बगल आत गेलेली असते. मग टॉर्च घेऊन गाडीखाली आडवं व्हावं लागतं. तिथे गेलातच तर आतली बगलही बघून घ्या. भेगा पहिल्यांदा दिसतात त्या दोन जागी: नक्षीच्या खाचांच्या तळाशी, आणि रिमच्या कडेपासून दोन-तीन बोटं वर, जिथे टायर जमिनीपाशी फुगतो. नख अडकेल इतकी भेग असेल तर टायर संपला.

आत काय झालंय ते टायर उतरवल्यावरच कळतं. जुना टायर रिमवरून काढला की आत हात फिरवायला सांगा. हाताला काळी रबराची पूड लागली, किंवा बगलेच्या आतल्या बाजूने गोल घासल्याचा पट्टा दिसला, तर तो टायर कधीतरी कमी हवेवर लांब पळवला गेलाय. असा टायर बाहेरून कितीही देखणा असला तरी स्टेपनी म्हणूनसुद्धा ठेवू नका. बगलेतले धागे एकदा तापून सैल झाले की पुन्हा हवा भरून ते सांधत नाहीत. मागचा टायर ९०च्या वेगात फुटला की पट्टा सुटून चाकाच्या कमानीचा पत्रा फाडतो, आणि या गाडीचा तो पत्रा टायरपेक्षा कितीतरी महाग पडतो.

किती वर्षांनी बदलायचे याला कायद्याचं उत्तर तुम्हाला मिळणार नाही. ब्रिटनमध्ये १ फेब्रुवारी २०२१पासून दहा वर्षांवरच्या टायरला बंदी आहे, पण ती लॉरी, बस आणि कोच यांच्या पुढच्या एक्सलला आणि मिनीबसच्या एकेरी चाकांना. तुमच्या कॅम्परला नाही. शिवाय चाळीस वर्षांवरची, मोठे बदल न केलेली गाडी वार्षिक एमओटी तपासणीतूनही सुटते. म्हणजे तुमच्या टायरकडे दरवर्षी बघणारं दुसरं कुणी नाही. माझा नियम असा: सहाव्या वर्षापासून दर हंगामाआधी उतरवून आतबाहेर बघायचे, आठव्या वर्षी चांगले दिसले तरी बदलायचे. गाडी उघड्यावर उन्हात, एकाच जागी महिनोन्महिने उभी राहत असेल तर त्याहून आधी. बारा वर्षांचे टायर घेऊन स्कॉटलंडला जाऊ नका, एवढं मात्र ठामपणे सांगतो.

खरेदी करताना दोन सापळे आहेत. पहिला, ऑनलाइन १८५ आर १४ सी शोधलं की ट्रेलरचे टायर समोर येतात. भारांक १०४, किंमत कमी, बघताक्षणी मोह पडावा असे. बगलेवर एफआरटी असं कोरलेलं असेल तर तो फक्त ओढल्या जाणाऱ्या चाकासाठी आहे. इंजिनाचा जोर आणि स्टिअरिंगचं वळण सोसण्यासाठी तो बनवलेला नाही. दुसरा, 'नवा' म्हणून येणारा टायर दुकानात तीन-चार वर्षं पडलेला असू शकतो. या मापाचा खप बेताचा, त्यामुळे हे होतंच. मागवतानाच सांगा की दोन वर्षांपेक्षा जुना घेणार नाही, आणि रिमवर चढवायच्या आधी पाचही टायरचे आकडे स्वतः वाचा.

कोणत्या कंपनीचा, यावर मी फार वेळ घालवणार नाही. कॉन्टिनेन्टल, हॅनकूक, मॅक्सिस, नेक्सन यांचे व्हॅनचे टायर या मापात मिळत आले आहेत. मॉडेलची नावं बदलत राहतात. ब्राझीलमध्ये ही गाडी २०१३पर्यंत बनत होती आणि छोट्या मालवाहू गाड्यांनाही हे माप लागतं, म्हणून ते अजून टिकून आहे. लेबलवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीचं अक्षर असतं, ए सर्वांत चांगलं. ब्रिटनच्या हवेत मी ते अक्षर आवाजाच्या आणि इंधनाच्या अक्षरांआधी बघेन. वेगाचं अक्षर क्यू म्हणजे १६०, आर म्हणजे १७० किलोमीटर. या गाडीला दोन्ही पुरून उरतात.

पांढऱ्या पट्ट्याचे टायर हवे असतील तर पट्टा टायरमध्येच घडवलेले घ्या. वरून बसवायच्या रबरी कड्या, ज्यांना पोर्टावॉल म्हणतात, त्या सी टायरच्या बगलेवर सतत घासतात आणि खाच पाडतात. प्रदर्शनाला गाडी उभी करायची असेल तर ठीक, स्कॉटलंडला नाही.

सीपी असं लिहिलेले खास कॅम्परचे टायर मिळतात, त्याबद्दल विचारणारे बरेच असतात. ते साडेतीन टनांच्या आधुनिक मोटारहोमसाठी आहेत, बहुतेक १५ आणि १६ इंची, मागच्या एक्सलला ५.५ बारपर्यंत हवा घेणारे. टी-२ला त्यांची गरज नाही.

ऑस्ट्रियाच्या बेताबद्दल. जर्मनीत रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेला ओलावा असेल तर हिवाळी टायर सक्तीचा आहे, आणि १ ऑक्टोबर २०२४पासून नुसतं एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) चिन्ह चालत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असलेलं चिन्ह लागतं. ईस्टरला डोंगरात बर्फ पडू शकतो. तुम्ही दरवर्षी जाणार असाल तर हे चिन्ह असलेले बारमाही सी टायर घ्या. एकदाच जाणार असाल तर उन्हाळी टायर घेऊन तारीख मे महिन्यात ढकला. दोन्हींत चूक काही नाही.

रिमकडे वळू. ऑगस्ट १९७०पासून टी-२ला पुढे डिस्क ब्रेक आले आणि बोल्टांचं वर्तुळ ५×२०५वरून ५×११२ झालं. तुमची गाडी १९७६ची, म्हणजे ११२वाली, साडेपाच इंच रुंद, १४ इंची. पण पन्नास वर्षांत गाडीवर कोणती चाकं आली असतील सांगता येत नाही, म्हणून रिमवर कोरलेलं वाचा. त्यात एच किंवा एच२ असेल तर टायरची कड अडवून ठेवणारा उंचवटा रिममध्ये आहे आणि ट्यूबलेस निर्धास्त बसवा. तो उंचवटा नसलेल्या जुन्या रिमवर जोराच्या वळणात कड सरकून हवा जाऊ शकते. तशी रिम निघाली तर ट्यूब घालण्यापेक्षा मी रिम बदलेन. ट्यूबलेस टायरच्या आतल्या खरखरीत पृष्ठभागावर ट्यूब घासून तापते. आणि २०५ वर्तुळाची जुनी रिम असलेल्यांसाठी: तिचं मधलं भोक इतकं मोठं असतं की नेहमीच्या बॅलन्सिंग मशिनच्या शंकूवर ती बसत नाही. बोल्टांच्या भोकांत धरणारी प्लेट दुकानात आहे का, ते आधी फोन करून विचारा.

टी-२५ किंवा टी-३, म्हणजे टी-२नंतर आलेली गाडी, चालवणाऱ्यांनी वरचे दाबाचे आकडे उचलू नयेत. ती गाडी जड आहे, १४ इंची चाकांवर तिला १८५ आर १४ सी किंवा जादा भाराचे २०५/७० आर १४ लागतात आणि दाब टी-२पेक्षा वर जातो. पद्धत मात्र तीच: काटा, भारांक, त्रैराशिक, हँडबुक. तिची स्टेपनी नाकाखालच्या तबकात असते आणि पुष्कळ गाड्यांत ती कारखान्यातून आल्यापासून कुणी पाहिलेली नसते. तबकाचा बोल्ट गंजून बसलेला आहे का ते घरीच बघा, रात्री पावसात रस्त्याकडेला नको.

टायर चढवताना दुकानात उभे राहा. रिमची जी कड टायरला टेकते, तिथला गंज तारेच्या ब्रशने साफ झाला पाहिजे, नाहीतर हवा हळूहळू बसत राहील आणि तुम्ही व्हॉल्व्हला दोष देत राहाल. व्हॉल्व्ह पाचही नवे. साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंत चालतो, तुमच्या ४३-४५ला तो पुरेसा आहे. रिमला नवं पावडर कोटिंग केलेलं असेल तर नट किंवा बोल्ट जिथे टेकतात तिथला रंग खरवडून धातू उघडा करा. जाड रंग दाबला जाऊन आवळ निघून जातो. मिश्रधातूची चाकं लावली असतील तर त्यांच्या बैठकीचा आकार, शंकू की गोल, आणि नटाचा आकार एकच आहे ना ते हातात घेऊन जुळवा. मशिनच्या पान्ह्याने शेवटचा आवळ देऊ देऊ नका. हँडबुकात दिलेल्या टॉर्कला हाताने, ताऱ्याच्या क्रमाने, आणि ५० ते ८० किलोमीटर धावल्यावर पुन्हा एकदा.

पैशांची ओढ असेल आणि या हंगामात दोनच घ्यायचे असतील, तर दोन्ही नवे मागे घाला. पण पुढे तुमचे बारा वर्षांचे ठेवणार असाल तर दोनच घेऊन भागत नाही, त्यापेक्षा प्रवास दोन महिने पुढे ढकला आणि पाचही एकदम करा. टायरवाल्याने कारचे टायर आधीच चढवले असतील तर त्याच्याकडे पावती घेऊन जा, गाडीची वजनाची पाटी आणि काट्याची चिठ्ठी समोर ठेवा, ६१५ आणि ६२० हे दोन आकडे दाखवा आणि बदलून मागा. काट्यावरचे आकडे आले की इथे टाका, पुढचा-मागचा दाब नेमका काढून देतो.